लाकडावर चालणाऱ्या बॉयलरचा घसा : नोझल का झिजते आणि ते कसे जपावे

२०२२ च्या उन्हाळ्यात रशियाकडून जर्मनीला येणारा नैसर्गिक वायू आटत गेला आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत बाल्टिक समुद्राखालून येणारी मोठी वाहिनी थंडावली. त्या हिवाळ्यापासून इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, खेड्यांत सरपणाला पुन्हा भाव आला. शेजारच्या चेक प्रजासत्ताकात १ सप्टेंबर २०२४ पासून उत्सर्जनाच्या पहिल्या व दुसऱ्या वर्गातले जुने, धूर ओकणारे घन इंधनाचे बॉयलर वापरण्यावर बंदी आली. या दोन्ही घडामोडींमुळे सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या तळघरांमध्ये एका यंत्राकडे नव्याने लक्ष गेले आहे. ते यंत्र म्हणजे लाकडाचा आधी वायू करून मग तो वायू जाळणारा, आणि त्या आचेवर पाणी तापवून घर ऊबदार ठेवणारा बॉयलर. गावाकडचे जुने घर विकत घेतलेल्या काही मराठी कुटुंबांनाही तो घराबरोबर मिळालेला असतो. पहिल्या हिवाळ्यात तो आवडू लागतो, आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या हिवाळ्यात आतल्या एका भागाचे तुकडे राखेत सापडू लागतात. तो भाग म्हणजे नोझल.

माझ्या तळघरात असा एक २५ किलोवॅटचा बॉयलर आहे. त्याचे पहिले नोझल माझ्याच चुकांमुळे लवकर गेले, त्यामुळे पुढे लिहिलेले काही मी पैसे मोजून शिकलो आहे.

लाकूड जळत नाही, त्याचा धूर जळतो

काडेपेटीची काडी पेटवून नीट पाहिली, तर ज्योत लाकडाला चिकटलेली नसते, ती किंचित अंतर राखून उभी असते. लाकूड तापले की त्यातून आधी पाण्याची वाफ आणि मग ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात, आणि ज्योत असते ती या वायूंची. कोरड्या लाकडाच्या वजनापैकी सुमारे ८० टक्के भाग असा वायुरूपाने निघून जातो, उरतो तो कोळसा आणि चिमूटभर राख. चुलीत यातले बरेचसे वायू न जळताच वर जातात. तोच आपल्या डोळ्यांत जाणारा धूर आणि आढ्यावर साचणारी काजळी, म्हणजे खरे तर वाया गेलेले इंधन.

या बॉयलरमध्ये दोन कप्पे एकावर एक असतात. वरच्या कप्प्यात ओंडके भरतात आणि त्यांना मुद्दाम अपुरी हवा देतात, म्हणजे ते धुमसतात आणि वायू सोडतात. पंखा हा वायू वर जाऊ न देता खाली ओढतो. दोन कप्प्यांच्या मधल्या जाड तळाला एक लांबट फट असते. त्या फटीतच वायूला दुसऱ्यांदा हवा मिळते आणि तो खालच्या कप्प्यात झोताने पेटतो. खालच्या दाराच्या झरोक्यातून पाहिले की ज्योत उलटी, वरून खाली, स्टोव्हसारखा आवाज करत येताना दिसते. आयुष्यभर वर जाणारी ज्योत पाहिलेल्या माणसाला याची सवय व्हायला काही दिवस जातात.

नोझल नेमके काय करते

ती फट असलेला तुकडा म्हणजे नोझल. फुंकणीची आठवण केली तर त्याचे काम लगेच कळेल. तोंडाने नुसते फुंकले तर हवा पसरते, आणि तीच हवा अरुंद नळीतून गेली की वेग घेते व नेमक्या जागी पोहोचते. नोझलच्या अरुंद घशात वायूचा वेग वाढतो, बाजूच्या भोकांतून येणारी हवा त्यात घुसळली जाते आणि १००० ते १२०० अंश सेल्सिअस तापमानाला डांबरासारखे जड घटकही जळून जातात. चिमणीतून धूर जवळजवळ दिसत नाही, तो या घुसळणीमुळे.

एवढे तापमान साधे काँक्रीट सोसत नाही, म्हणून नोझल रिफ्रॅक्टरीचे ओततात. ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांच्या ऑक्साइडांनी समृद्ध असे, भट्टीत टिकणारे काँक्रीट म्हणजे रिफ्रॅक्टरी. वीटभट्टीपासून पोलाद कारखान्यापर्यंत सगळीकडे याच कुळातले पदार्थ आतून लावलेले असतात. बॉयलर बनवणारे नोझलला झिजणारा सुटा भाग मानतात आणि तो बदलता येईल अशा रीतीनेच बसवतात. प्रश्न नोझल झिजेल का हा नाही. ते दोन हंगामांत झिजेल की सात, एवढाच आहे.

झीज उष्णतेने होते, असे वाटते खरे

पहिले नोझल काढले तेव्हा माझी समजूत होती की ते जळाले आहे. तळघराच्या दिव्याखाली धरून पाहिले तर वरच्या कडा गोलसर झाल्या होत्या आणि फटीच्या आतल्या बाजूला हिरवट काळी, चकचकीत साय धरली होती. नखाने टिचकी मारली की काचेसारखा आवाज येत होता. ती सायच एका कोपऱ्यात उचकटली, तर तिच्याबरोबर काँक्रीटचा रुपयाएवढा ढलपा सुटून हातात आला. नवी असताना ३० मिलिमीटर रुंद असलेली फट मधोमध ४१ मिलिमीटर भरली.

ती साय खरोखरच काच होती. लाकडाच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात, आणि वाळू व असे क्षार एकत्र तापवले की काच बनते. बोहेमिया आणि बव्हेरियाच्या जंगलांतले मध्ययुगीन काचकाम याच जोरावर उभे राहिले. तिथले कारागीर बीच वृक्षाच्या राखेतले पोटॅश वाळूत मिसळून हिरवट छटेची ‘रानकाच’ बनवत. वाळू एकटी वितळायला १७०० अंशांच्या आसपास तापमान लागते, पण पोटॅश सोबतीला आले की योग्य प्रमाणात हे मिश्रण ८०० अंशांखालीही मऊ होऊ लागते. काचकाराला जे हवे होते तेच माझ्या बॉयलरमध्ये नको असताना घडत होते, आणि त्यासाठी लागणारी वाळू मीच पुरवत होतो. जंगलात चिखलातून ओढलेले ओंडके मी सालीसकट, मातीसकट भरत होतो.

याहून अवघड भाग डोळ्यांना दिसत नाही. पोटॅशियमची वाफ काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांत शिरते आणि आतल्या घटकांशी संयोग पावून नवी खनिजे बनवते. ही खनिजे मूळ पदार्थापेक्षा जास्त जागा घेतात. भिंतीत रुजलेल्या पिंपळाचे मूळ जसे जाड होत जाते आणि एक दिवस चिरा सरकवते, तसा हा प्रकार आहे. वरून धड दिसणारा थर आतून ढिला होतो आणि सळईचा हलका धक्का लागला तरी कपची उडते. स्वच्छ लाकडाच्या गाभ्यात राख एक टक्क्याहूनही कमी असते, सालीत ती कित्येक पटींनी जास्त भरते, आणि गवत, पेंढा, पाचट यांच्या राखेत तर पोटॅशियम आणि सिलिका, म्हणजे वाळूचा मुख्य घटक, दोन्ही भरपूर. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाचे पाचट आणि बगॅस (चिपाड) यांवर चालणारा गॅसिफायर, म्हणजे इंधनाचा वायू करणारे यंत्र, विकसित केला होता. तसल्या इंधनासाठी यंत्राची रचनाच वेगळी करावी लागते. लाकडासाठी बनवलेल्या घरगुती बॉयलरमध्ये पेंढ्याच्या विटा जाळून पाहण्याचा मोह त्यामुळे टाळावा.

पाणी आणि अचानक बदल

दुसरा शत्रू पाणी. २५ किलोच्या एका भरणीत पाण्याचे प्रमाण २० टक्के असेल तर ५ लिटर पाणी आत जाते, आणि ३५ टक्के असेल तर जवळजवळ ९ लिटर, म्हणजे अर्ध्या बादलीहून अधिक. ते वाफ होताना उष्णता खाते, वायू पातळ आणि थंड होतो, जळण अर्धवट राहते आणि डांबर फटीभोवती साचते. मग मालक हवा वाढवतो, पुढची भरणी कोरडी निघाली की तापमान एकदम उसळते, आणि नोझल या दोन टोकांमध्ये हेलकावे खात राहते.

रिफ्रॅक्टरी सतत गरम राहिलेली सोसते, पण झटपट गरम-थंड होणे तिला सोसत नाही. जाड काचेच्या थंड पेल्यात उकळता चहा ओतला की पेला तडकतो, कारण आतला थर फुगतो आणि बाहेरचा अजून जागचा हललेला नसतो. लालबुंद नोझलवर ओला, थंड ओंडका नेमका आडवा टाकणे किंवा आग जोरात असताना कुतूहलाने खालचे दार उघडणे म्हणजे तोच प्रयोग उलट दिशेने करणे होय. खालचे दार उघडून उलटी ज्योत पाहुण्यांना दाखवण्याची हौस मीही केली आहे. झरोका त्यासाठीच दिलेला असतो, हे नंतर लक्षात आले.

तिसरा शत्रू सगळ्यांत साधा आहे : सळई. फट तुंबली असे वाटले की माणूस वरून लोखंडी सळई घालून ढोसतो, आणि तापून किंचित मऊ झालेल्या, क्षारांनी आधीच पोखरलेल्या कडा तिथेच तुटतात. खंगर, म्हणजे राख वितळून झालेला दगडासारखा गोळा, नोझलला चिकटला असेल तर तो बॉयलर पूर्ण थंड झाल्यावर हाताने सोडवावा. न सुटल्यास त्याला थोडा राहू द्यावा, कारण त्याच्याबरोबर निघणारा ढलपा परत लावता येत नाही.

फट थोडी रुंद झाली तर एवढे काय बिघडते?

३० मिलिमीटरची फट ४० झाली, तर तिचे क्षेत्रफळ एक तृतीयांशाने वाढते आणि तेवढाच वायू त्यातून तीन चतुर्थांश वेगाने जातो. वेग घटला की घुसळण घटते, आणि बाजूच्या भोकांतून आलेली हवा झोताच्या मध्यापर्यंत पोहोचत नाही. मग ज्योत पिवळट आणि लांबट होते, निखारे न जळताच खालच्या कप्प्यात पडतात, चिमणीतून सकाळी धूर दिसू लागतो आणि उष्णता घेणाऱ्या नळ्यांवर काजळीचा थर चढतो. खालच्या राखेत काळ्या कोळशाचे प्रमाण वाढलेले दिसले, तर आधी लाकूड तपासावे आणि मग फट मोजावी. हंगामाच्या शेवटी पट्टीने मोजून तो आकडा दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवणे, एवढा साधा उपाय पुष्कळ वाद वाचवतो.

मग नोझल पोलादाचेच का करत नाहीत?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि काही बॉयलरमध्ये उष्णता सोसणाऱ्या क्रोमियमयुक्त पोलादाचे भाग असतातही. पण २५ टक्के क्रोमियम आणि २० टक्के निकेल असलेले उत्तम पोलादसुद्धा भरपूर हवेत ११०० अंशांच्या आसपासपर्यंतच टिकते. त्याचे रक्षण करणारी क्रोमियम ऑक्साइडची पातळ साय टिकायला ऑक्सिजन लागतो, आणि नोझलच्या वरच्या बाजूला तर तो मुद्दामच कमी ठेवलेला असतो. शिवाय पोटॅशियम आणि क्लोरीन त्या सायीलाही खातात. म्हणूनच रंगवलेले, औषध लावलेले किंवा समुद्रातून वाहून आलेले लाकूड जाळणे हे नोझल, लोखंड आणि शेजाऱ्यांची फुप्फुसे या तिन्हींना बाधते. जर्मन नियमांनुसार घरगुती बॉयलरमध्ये नैसर्गिक, प्रक्रिया न केलेले लाकूडच जाळता येते.

नोझलच्या फटीत पोलादी अस्तर घट्ट ठोकून बसवण्याची युक्तीही सांगितली जाते. तिथे अडचण प्रसरणाची आहे. ३०० मिलिमीटर लांबीची अशी पट्टी १००० अंशांनी तापली तर सुमारे साडेपाच मिलिमीटर वाढते, आणि तेवढ्याच लांबीची रिफ्रॅक्टरी जेमतेम दोन मिलिमीटर. थंड असताना घट्ट बसलेले अस्तर गरम झाल्यावर पाचर होते आणि ज्याचे रक्षण करायचे त्यालाच फोडते. अस्तर घालायचेच असेल तर ते सैल हवे, एका टोकाला मोकळे हवे, आणि त्याने बाजूची हवेची भोके झाकता कामा नयेत.

मला त्याहून पटलेला उपाय बैलाच्या पत्रीसारखा आहे. बैलाला पत्री मारतात ती खूर झिजू नये म्हणून. पत्री झिजते, ती काढून दुसरी ठोकतात. तसे फटीच्या दोन्ही बाजूंना, फट पूर्ण मोकळी ठेवून, भट्टीच्या विटेचे पातळ तुकडे नुसते टेकवून ठेवायचे. जर्मनीत या विटांना शामोट म्हणतात आणि त्या बांधकामाच्या कोणत्याही दुकानात स्वस्तात मिळतात. ओंडक्यांचा मार, सळईचा ओरखडा आणि वितळती राख हे सगळे आधी त्या विटांवर येते. त्या काही महिन्यांत तडकतात, तेव्हा काढून टाकायच्या. यात दोन पथ्ये आहेत. विटांमुळे फटीची रुंदी किंवा हवेची वाट बदलू नये, आणि बॉयलर हमीच्या काळात असेल तर आधी उत्पादकाला लेखी विचारावे.

बॉयलर मंद चालवला तर नोझल जास्त टिकेल ना?

तर्क सरळ वाटतो, पण उत्तर उलट आहे. आच कमी ठेवली की नोझल पुरेसे तापत नाही, वायू नीट जळत नाही, डांबर साचते, आणि घराला उष्णता लागली की पंखा पुन्हा जोर करतो. दिवसातून वीस वेळा असे चालू-बंद होणे नोझलला चार तासांच्या सलग प्रखर जाळापेक्षा फार महाग पडते. म्हणून बॉयलर पूर्ण ताकदीने एकदाच पेटवायचा, निर्माण झालेली उष्णता मोठ्या पाण्याच्या टाकीत साठवायची आणि घराने ती टाकीतून हवी तशी घ्यायची, अशी योजना असते. जर्मन नियम हाताने भरायच्या बॉयलरसाठी दर किलोवॅटमागे किमान ५५ लिटरची टाकी मागतो. माझ्या २५ किलोवॅटला हे १३७५ लिटर झाले. तळघराचा चौथा भाग व्यापणारी ही टाकी घेताना जिवावर येते, आणि मागच्या मालकाने ती छोटी घेतली होती. पहिले नोझल लवकर जाण्यात मातकट लाकडाखालोखाल तिचाच हात होता, असे माझे मत आहे.

भरण्याची रीत

बाकीचे रक्षण रोजच्या हातात आहे. लाकूड फोडून, वरून झाकून आणि बाजूंनी वारा लागेल असे दोन उन्हाळे रचून ठेवावे. ओलावा मोजताना एक घोळ होतो. खिशातला मापक बहुधा कोरड्या लाकडाच्या तुलनेत पाणी दाखवतो, त्यामुळे त्यावरचे २५ टक्के म्हणजे एकूण वजनातले २० टक्के. जर्मन कायदा सरपणाच्या ओलाव्याला २५ टक्क्यांची मर्यादा घालतो, तीही पहिल्या, म्हणजे कोरड्या लाकडाच्या तुलनेतल्या, अर्थाने. मापकाची टोके बाहेरच्या सालीत न खुपसता ओंडका नुकताच फोडून आतल्या पृष्ठभागावर टेकवावीत.

पेटवताना नोझल झाडून लख्ख करू नये. आदल्या दिवसाचे थोडे निखारे-कोळसे फटीच्या दोन्ही बाजूंना राहू द्यावेत. ती गादी ओंडक्याचा धक्का झेलते आणि पहिल्या ज्वाळेचा चटका सौम्य करते. फटीवर मात्र राख साचू देऊ नये. त्या गादीवर बारीक ढलप्या, मग मनगटाएवढ्या फोडी, आणि निखाऱ्यांचा थर जमल्यावरच जाड ओंडके, तेही वरून न टाकता हाताने उतरवून, कप्प्याच्या लांबीला समांतर ठेवावेत. पुन्हा भरताना आधी चिमणीकडे जाणारी झडप उघडावी, काही सेकंद थांबावे आणि मगच वरचे दार आधी बोटभर, मग पूर्ण उघडावे. हा नियम नोझलसाठी कमी आणि माणसासाठी जास्त आहे, कारण आत साचलेल्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो आणि हवा मिळताच तो भपकाही घेऊ शकतो.

भेग पडली म्हणजे नोझल गेले का?

नाही. केसाएवढ्या भेगा पहिल्या काही आठवड्यांतच पडतात आणि गरम झाल्यावर बऱ्याचशा मिटतात. तुकडे जागच्या जागी घट्ट असतील आणि फट मापात असेल, तर घाई करू नये. तुकडा खाली पडू लागला, हवेच्या भोकांची कड ढासळली किंवा फट उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेपलीकडे रुंदावली, की बदलावे. भेगांमध्ये भट्टीचा लेप भरून एखादा हंगाम काढता येतो, पण काचेची साय असलेल्या जागी तो लेप धरत नाही.

बदलताना खरी मेहनत नोझल उचलण्यात नसते, त्याची बैठक साफ करण्यात असते. नोझलभोवती सिरॅमिक तंतूंची दोरी असते, तिच्यामुळे वायू बाजूने निसटत नाही. जुनी दोरी तशीच ठेवली तर झोत फटीऐवजी कडेने पळतो आणि ज्या पोलादी चौकटीवर नोझल टेकलेले असते तीच खाऊ लागतो. ती चौकट बदलणे म्हणजे मग जवळजवळ बॉयलर बदलणेच. ही दोरी हाताळताना तोंडावर मास्क हवा.

नवे काँक्रीट कोरडे दिसले तरी त्याच्या पोटात पाणी असते. नवे मातीचे भांडे आणल्या आणल्या प्रखर जाळावर चढवत नाहीत, तेच इथेही. ते पाणी सावकाश बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर आत वाफ होऊन ती थर फोडते. दुसरे नोझल बसवल्यावर मी पहिला दिवस फक्त ढलप्यांचा लहानसा जाळ केला, दुसऱ्या दिवशी मनगटाएवढ्या फोडींचा, आणि पहिली पूर्ण भरणी चौथ्या दिवशी. पहिल्या संध्याकाळी खालच्या झरोक्याची काच आतून घामेजली होती, तिसऱ्या दिवशी ती कोरडी राहिली. आता दाराच्या आतल्या बाजूला खडूने ३० हा आकडा लिहिला आहे आणि त्याखाली, चार हिवाळ्यांनंतरचा, ३२.